पाटी रंगवण्याआधी 'स्टेशनरी'चं एक अक्षर तपासा

जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास भुसावळ, अमळनेरच्या बाजारात वह्या-पेनांच्या दुकानांवर नव्या पाट्या चढतात. इंग्रजी पाटी रंगवून घेणार असाल तर शेवटची तीन अक्षरं नीट बघा. कागद-वहीच्या 'स्टेशनरी'त ई-आर-वाय येतं. ए-आर-वाय लिहिलं की अर्थ होतो जागचं न हलणारं, फलाटावर उभ्या गाडीसारखं. मूळ मात्र एकच: लॅटिन 'स्तारे', म्हणजे उभं राहणं. आपल्या स्थान, स्थिरमधल्या 'स्था' धातूचं ते भावंडच! मध्ययुगीन युरोपात पुष्कळ विक्रेते गावोगाव फिरायचे. विद्यापीठाजवळ कायमचं दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर', आणि त्याचा माल ती स्टेशनरी. गोंधळ झालाच तर 'एन्व्हलप' आठवा. पाकिटाचा ई, तोच कागदाचा ई.