बैत अल झुबैर : जुने ओमानी घर कसे पाहावे

मस्कतच्या जुन्या भागातील बैत अल झुबैर हे एका कुटुंबाने आपल्याच वास्तूत उभारलेले खासगी संग्रहालय आहे. त्यातील ‘बैत अल बाग’ ही मूळ इमारत शेख अल झुबैर बिन अली यांनी १९१४ साली राहण्यासाठी बांधली आणि १९९८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेथील खंजीर आणि दागिने मन वेधून घेतातच. तरीही आवारातील ‘बैत दलालील’ हे जुन्या पद्धतीने मांडलेले लहान घर आधी पाहावे, कारण कपाटातील वस्तू कोण, कोठे आणि कशासाठी वापरत असे, याचा उलगडा घरातच होतो.

उन्हाळा टाळून ऑक्टोबर ते मार्च या काळात सकाळी जावे. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असावा, आणि आत छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी विचारावी.

घरात शिरताना पाहुण्याच्या वाटेने शिरावे. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. ती सहसा दाराजवळ असते, जेणेकरून परक्या माणसाला घरातील स्त्रियांच्या वावराच्या जागेतून जावे लागू नये. जमिनीवरील गालिचे, भिंतीला टेकवलेले तक्के, जाड भिंतींतील कोनाडे आणि ‘दल्ला’ हे लांब चोचीचे कॉफीपात्र नीट न्याहाळावे. वेलदोड्याची कॉफी खजुरासोबत देतात. ती कधी कोठे पुढे आली, तर पेला उजव्या हाताने घ्यावा आणि पुरे झाल्यावर तो हलकेच हलवून परत द्यावा.

स्वयंपाकघर लवकर पाहून होते. मात्र खजुराच्या कोठीपाशी थांबावे. ओमानमधील अशा कोठ्यांच्या जमिनीवर समांतर पन्हळी काढलेल्या असत. विणलेल्या थैल्यांत भरलेला खजूर त्यांवर एकावर एक रचला, की वरच्या भाराने पाझरणारा गोड पाक पन्हळींतून वाहत जाऊन भांड्यात साठे. या पाकाला ‘दिब्स’ म्हणतात. कोणतेही यंत्र न लावता केवळ वजनाच्या बळावर वर्षभराची बेगमी करणारी ही युक्ती मला या साऱ्या घरातील सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते.

निजायच्या खोलीत गेल्यावर पितळी खिळ्यांची नक्षी असलेल्या लाकडी पेट्यांची माहिती करून घ्यावी. ओमानी लोक अशा पेटीला ‘मंदूस’ म्हणतात, आणि जुन्या मराठीत पेटीसाठी ‘मांदूस’ हाच शब्द आढळत असल्याने मराठी माणसाला तो परका वाटत नाही. अशा कित्येक पेट्या भारतातूनच जहाजाने तिकडे गेल्या. कपडे आणि दागिने त्यांतच ठेवीत.

एवढे पाहून झाले, की मग बैत अल बागमधील दागिन्यांच्या दालनात यावे. ओमानी चांदीकामासाठी ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा यांचे चांदीचे नाणे वितळवीत, तसेच ते अखंड हारातही ओवीत. असा हार दिसला, तर नाण्यावरील साल वाचून पाहावे : ते १७८० असते, कारण त्या साली त्यांचे निधन झाल्यावरही ही नाणी त्याच सालाने पाडली जात राहिली.