प्रदूषण आणि आरोग्यावर संशोधन करायचंय? आधी दवाखान्याचं रजिस्टर वाचायला शिका

पीएम 2.5 (हवेतले अतिबारीक कण) म्हणजे काय, एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) कसा बघायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून किंवा एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिनला येऊन ज्यांना हवेचं प्रदूषण आणि आजार यांवर प्रबंध करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मुंबईत याच विषयावर पीएचडी केली आणि तिचा मोठा काळ हवेचा आकडा आणि रुग्णांचा आकडा एकमेकांशी कसा जोडायचा, या एकाच गुंत्यात गेला. त्यामुळे त्या गुंत्यावर जरा जास्तच बोलणार आहे. बाकीचं तुम्हाला कोणीही सांगेल.

नवीन माणूस सगळ्यात आधी यंत्राच्या मागे लागतो. कुठला सेन्सर घेऊ, कितीला मिळेल, कुठे लावू? माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका. स्वस्तातले सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवा दमट झाली की कण पाणी धरून फुगतात आणि यंत्र आकडा वाढवून दाखवतं. मुंबईची हवा किती महिने दमट असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून निदान पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही ऋतू पडताळून पाहिल्याशिवाय अशा सेन्सरच्या आकड्यांवर प्रबंध उभा करू नका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची आकडेवारी फुकट मिळते, सुरुवातीला ती पुरेशी आहे. फक्त ती डोळे उघडे ठेवून वाचा. बीटा किरणांवर चालणाऱ्या यंत्रांच्या नोंदींत 985 हा आकडा पुन्हा पुन्हा दिसला, तर ती हवा नसते. यंत्र मर्यादेला टेकलेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. आणि एक्यूआय हा आकडा विश्लेषणात घेऊच नका. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्या दिवशी ज्याचा सगळ्यात जास्त, तोच एक्यूआय ठरतो. आज तो पीएम 10 चा असेल, उद्या ओझोनचा. लोकांना सावध करायला तो ठीक आहे, पण संशोधनाला मायक्रोग्रॅममधला मूळ आकडाच लागतो.

हवेची बाजू एवढ्यात आटोपते. खरी अडचण पुढे आहे.

आम्ही पर्यावरणवाले हवेच्या आकड्यावर दहा प्रश्न विचारतो आणि आजाराचा आकडा मात्र निमूटपणे घेतो. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या श्वसनविकार ओपीडीतली रोजची रुग्णसंख्या मी उतरवून घेतली, शेजारी रोजचं पीएम 2.5 मांडलं आणि आलेख काढला. आलेख सांगत होता की हवा जितकी स्वच्छ, तितके रुग्ण जास्त. गणितात चूक नव्हती. पावसाळ्यात मुंबईची हवा धुऊन निघते आणि नेमकी तेव्हाच फ्लूची मोठी साथ येते, भिंतींना बुरशी धरते, दमेकऱ्यांचे हाल सुरू होतात. हवेचा आणि रुग्णांचा, दोघांचाही आकडा ऋतू हलवत होता, आणि मी मात्र त्या दोघांचं एकमेकांशी नातं शोधत बसले होते.

ऋतू काढून टाकला की सुटलो, असं वाटतं. तसं होत नाही. आठवड्याचे वार घ्या. रविवारी ओपीडी बंद असते, फक्त कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग चालू. सोमवारी दारापासून रांग. रविवारी रस्त्यावर गाड्याही कमी असतात. म्हणजे रविवारी धूरही कमी आणि रुग्णही कमी, आणि संगणक लगेच दोघांचं नातं जोडून देतो. या वेळी उत्तर तुम्हाला हवं तसं येतं. म्हणूनच ते जास्त घातक आहे, कारण मनासारखं आलेलं उत्तर कोणी उलटून तपासत नाही.

मग सण. दिवाळीत फटाक्यांनी पीएम 2.5 आभाळाला टेकतं आणि त्याच दिवसांत ओपीडी ओस पडते, कारण लोक गावी गेलेले असतात आणि घरी असलेले दुखणं भाऊबीजेपर्यंत अंगावर काढतात. गणपतीत अर्धा लालबाग-परळ कोकणात असतो. मे महिन्यात शाळकरी मुलं मामाकडे. अतिवृष्टीने लोकल बंद पडली की कल्याण-विरारकडचे रुग्ण येऊच शकत नाहीत. निवासी डॉक्टरांचा संप झाला की आकडा थेट कोसळतो. यातलं काहीही हवेच्या फाइलीत लिहिलेलं नसतं.

मी यावर इतका जोर देतेय, कारण आपण शोधतोय तो परिणाम फार बारीक असतो. मुंबई आणि पुणे धरून भारतातल्या दहा शहरांचा 2008 ते 2019 या काळातला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीएम 2.5 दर घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमने वाढलं की रोजचे मृत्यू 1.42 टक्क्यांनी वाढलेले दिसले. दीड टक्कासुद्धा नाही. शहराच्या लोकसंख्येने गुणलं की हा आकडा भयंकर होतो, पण तुमच्या रजिस्टरात शनिवार-सोमवारचा फरक याच्या कितीतरी पट मोठा असतो. मोठी हालचाल आधी बाजूला काढली नाही, तर ही बारीक हालचाल तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि जे दिसेल ते भलतंच असेल.

हा घोळ नवा नाही. डिसेंबर 1952 मधल्या लंडनच्या धुरक्यात सुमारे चार हजार माणसं गेली असं आधी मानलं गेलं. त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांतही मृत्यू चढेच होते, पण ते सरकारी अहवालाने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकले. 2001 मध्ये मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस या संशोधकांनी ते आकडे पुन्हा तपासले. इन्फ्लुएंझाने त्यातले थोडेच मृत्यू समजावता येतात, आणि एकूण जादा मृत्यू बारा हजारांच्या घरात जातात, असं त्यांनी दाखवलं. कुठला मृत्यू ऋतूचा आणि कुठला धुराचा, हे ठरवायला जवळपास पन्नास वर्षं लागली. तुमचा आलेख पहिल्या महिन्यात जुळला नाही म्हणून रडत बसू नका.

यातून बाहेर काढणारी वाट म्हणजे केस-क्रॉसओव्हर पद्धत. माल्कम मॅक्ल्युअर या साथरोगशास्त्रज्ञाने ती 1991 मध्ये मांडली. समजा, एक बाई मंगळवार, 14 जानेवारी 2020 ला दम्याचा झटका येऊन दाखल झाली. तिची तुलना दुसऱ्या कोणाशी करायची नाही, तिच्याशीच करायची. त्याच जानेवारीतले बाकीचे मंगळवार, म्हणजे 7, 21 आणि 28 तारीख घ्यायची आणि बघायचं की 14 च्या हवेत तिला या तीन दिवसांपेक्षा जास्त धूर मिळाला होता का. वार तोच, महिना तोच. तिचं वय, तिची चाळ, घरातला स्टोव्ह, नवऱ्याची बिडी, सगळं तेच राहतं. हजारो रुग्णांसाठी हेच केलं की ऋतू आणि वार यांचा गोंधळ आपोआप गळून पडतो. तापमान आणि दमटपणा मात्र वेगळा घ्यावाच लागतो, आणि सण-संपांचा रकाना हाताने भरावा लागतो. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं. बारावीनंतर गणित सोडलेल्यांनाही जमतं, मी जमलेलं पाहिलंय, त्यामुळे गणिताच्या भीतीने विषय बदलू नका.

आता खुद्द रजिस्टर. ते हातात घेऊन बसल्याशिवाय या कामाला हात घालू नका. आमच्याकडे लांब, जाड पुठ्ठ्याची वही होती. अनुक्रमांक, नाव, वय, पत्ता, निदान असे रकाने. निदानाच्या रकान्यात एका डॉक्टरच्या ड्यूटीत सगळीकडे दमा, दुसऱ्याच्या ड्यूटीत त्याच तक्रारींना ब्राँकायटिस. पत्त्याच्या रकान्यात सायन लिहिलेलं असतं, पण माणूस जालन्याहून आलेला असतो. सायनला त्याचा मेहुणा राहतो. अशा माणसाला तुम्ही सायनच्या हवेचा आकडा चिकटवला की संपलं. तारीखही दवाखान्यात आल्याची असते. त्रास कधी सुरू झाला, ते त्या वहीत कुठेच नसतं. म्हणून त्याच दिवसाच्या हवेबरोबर आधीच्या पाच-सहा दिवसांची हवाही तपासायची, ज्याला आपण लॅग म्हणतो. ओपीडीऐवजी तातडीने दाखल झालेले रुग्ण घेतले तर बराच त्रास वाचतो, कारण श्वास कोंडलेला माणूस सोमवारची वाट बघत नाही.

मार्गदर्शकाबद्दल मी थोडी हट्टी आहे. नाव मोठं आहे म्हणून कोणाकडे जाऊ नका. त्यांच्या हाताखालच्या मुलांना चहाला न्या आणि विचारा, तुमचा मसुदा किती दिवसांत परत येतो? जो मार्गदर्शक स्वतः कच्ची आकडेवारी उघडून बघतो, तोच खरा. तुम्ही पर्यावरणातले असाल तर सहमार्गदर्शक वैद्यकीय महाविद्यालयातलाच हवा, नाहीतर रेकॉर्ड विभागाचं दारही उघडत नाही. संख्याशास्त्रज्ञाला मात्र आकडे गोळा करण्याआधी भेटा. सगळं गोळा करून झाल्यावर गेलात, तर तो फक्त काय करता येणार नाही तेवढंच सांगू शकतो.

पैसे भरून महिन्याभरात पेपर छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. तसला एक पेपर पुढची कितीतरी वर्षं तुमच्या नावावर राहतो. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची मंजुरी मात्र वेळ खाणारच. जुन्या नोंदी वापरायच्या असल्या तरी ती लागते, म्हणून अर्ज पहिल्या सत्रातच टाका. त्या रिकाम्या काळात निराश व्हायला होतं. मलाही व्हायचं, आणि तुम्ही एकटे नाही.

तेवढ्यात एक काम उरकून घ्या. तुमच्या अभ्यासाच्या सगळ्या वर्षांचं कॅलेंडर करा: सार्वजनिक सुट्ट्या, सण, शाळांच्या सुट्ट्या, संप, लोकल बंद पडलेले दिवस, साथींचे आठवडे. जुनी वर्तमानपत्रं ग्रंथालयात मिळतात. आणि रेकॉर्ड विभागातल्या सगळ्यात जुन्या कारकुनापाशी बसा. ओपीडीची वेळ कधी बदलली, एखादा वॉर्ड दुरुस्तीसाठी कधी बंद होता, कागदी वह्या जाऊन संगणक कधी आला, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांनी सांगितलेली प्रत्येक तारीख त्या कॅलेंडरात लिहून ठेवा.