ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांवरील बुरशी आणि पाण्याचे तापमान
ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को तलाव-कालव्यांच्या थंड पाण्यातला, डोक्याबाहेर पिसांसारखे कल्ले असलेला उभयचर प्राणी असल्याने त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पाणी २४ अंशांच्या वर टिकून राहिले, की त्याची प्रतिकारशक्ती खालावते आणि कल्ल्यांवर बुरशीचे कापसासारखे पांढरे पुंजके धरू लागतात. नुसता चिकटलेला कचरा पाणी हलताच सुटतो, बुरशी सुटत नाही.

बुरशीच असल्यास प्राण्याला क्लोरीन काढलेल्या थंड पाण्याच्या वेगळ्या टबात हलवावे व ते पाणी रोज पूर्ण बदलावे. दुसऱ्या भांड्यात लिटरमागे दोन लहान चमचे मीठ पूर्ण विरघळवून त्यात त्याला दिवसातून एकदा दहा मिनिटे ठेवावे. त्याहून अधिक वेळ नको, कारण मिठाने कल्ले आणि त्वचा दुखावते. मीठ आयोडीनविरहित हवे (स्वयंपाकघरातले बहुधा आयोडीनयुक्त असते). पुंजके चिमट्याने ओढू नयेत.

टाकीवर पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंश उतरते, दमट हवेत तेवढेही नाही. त्यामुळे मुंबईच्या उन्हाळ्यात चिलरला (पाणी थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. टाकीतला अमोनिया (विष्ठा व उरलेल्या अन्नातून पाण्यात साठणारे विषारी द्रव्य) शून्य असल्याची खात्री करूनच प्राण्याला परत सोडावे, आणि काही दिवसांत उतार न पडल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.