उमाजी नाईकांच्या उठावावर काम सुरू करण्यापूर्वी

उमाजी नाईकांच्या उठावावर लघुप्रबंध किंवा पीएच.डी. करू पाहणारे विद्यार्थी भेटले की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "साधने मिळतील का?" हाच असतो. साधने मिळतात. खरे म्हणजे पहिले साधन इतक्या सहज हाती लागते की पुढे तेच गळ्यात पडते, आणि हा लेख मुख्यतः त्या एका गोष्टीसाठी लिहीत आहे. तासिका तत्त्वावर शिकवत, सुट्ट्यांमध्ये दप्तरे चाळत मी हे काम पूर्ण केले, त्यामुळे विद्यापीठाच्या आवारात राहून, शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्यांना यातील काही सल्ले लागू पडणार नाहीत.

उठावाची चौकट वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालतो. पुरंदरच्या परिसरातील रामोशांकडे गडाची व गावांची राखण होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, वतनांच्या चौकशा सुरू झाल्या आणि ज्यांच्या हाती राखणीचे काम होते तेच सरकारच्या नजरेत संशयित ठरले. त्याच सुमारास दुष्काळाची भर पडली. भिवडीच्या उमाजी नाईक खोमणे यांनी १८२६ च्या आसपास उघड आव्हान दिले, मधल्या काळात माफी देऊन सरकारनेच त्यांना बंदोबस्ताच्या कामावर घेतले, ते पुन्हा बाहेर पडले, फेब्रुवारी १८३१ मध्ये त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला, १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरजवळच्या उत्रोली येथे ते पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत मात्र "रामोशांचा उठाव, १८२२ ते १८२९" अशी एक ओळ छापलेली असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जाते. जाहीरनामा १८३१ चा आणि फाशी १८३२ ची असताना उठाव १८२९ मध्येच संपला कसा, हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने हा विषय घेऊ नये. ज्याला तो पडतो त्याची निम्मी तयारी झालेली आहे, मग त्याला मोडी येत असो वा नसो.

आता त्या सापळ्याविषयी. रामोशांविरुद्धच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने रामोशी जमातीची हकीगत आणि तिच्यासोबत उमाजी नाईकांचे चरित्र लिहिले. ते १८३३ मध्ये, म्हणजे फाशीनंतरच्याच वर्षी, मुंबईत प्रसिद्ध झाले. पुस्तक सविस्तर आहे, रसाळ आहे आणि त्यात बालपणापासून अटकेपर्यंत सर्व काही ओळीने सापडते. नवा अभ्यासक ते वाचतो आणि सुखावतो. सावधपणे तो दुसरे साधन शोधतो, तेव्हा १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर सापडते आणि त्यातील हकीगत मॅकिंटॉशशी जुळते. मग तिसरे साधन म्हणून एखादे मराठी चरित्र उघडले जाते आणि तेही जुळते. तीन साधने एकच गोष्ट सांगतात, म्हणजे गोष्ट पक्की, असे मानून तो तळटिपेत तिन्ही नावे लिहितो. तळटीप भरगच्च दिसते आणि प्रकरण पुढे सरकते.

प्रत्यक्षात तेथे तीन साक्षीदार नसतात. गॅझेटियरच्या संपादकांपुढे रामोशांविषयी मॅकिंटॉशचाच मजकूर होता. त्यानंतरच्या मराठी लेखकांपैकी अनेकांनी गॅझेटियरवरून लिहिले, काहींनी एकमेकांवरून लिहिले, आणि प्रत्येक टप्प्यावर "असे म्हणतात" गळून पडून तेथे "असे झाले" आले. साक्षीदार एकच, आणि तोही कोण, तर ज्या मोहिमेत हा माणूस पकडला गेला त्या मोहिमेतील अधिकारी. माझ्या प्रबंधाचे एक संपूर्ण प्रकरण याच कारणाने मला नव्याने मांडावे लागले, म्हणून हे जरा लांबवून सांगतो आहे. वाचताना हे सर्वांना पटते आणि लिहिताना बहुतेक जण विसरतात.

साधनांची ही वंशावळ ओळखण्याच्या खुणा आहेत. दोन लेखक घटना त्याच क्रमाने सांगत असतील, तेच आकडे देत असतील, तर एकवेळ दोघांनी सत्यच सांगितले असे म्हणता येईल. परंतु दोघेही त्याच जागी गप्प बसत असतील, एकाने न सांगितलेले महिने दुसऱ्यानेही सांगितलेले नसतील, तर दुसऱ्याने पहिल्याचे पाहून लिहिले आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. मौनाची नक्कल ही आकड्यांच्या नकलेपेक्षा भरवशाची खूण असते. दुसरी खूण गावांच्या नावांत सापडते. पुरंदर तालुक्यात भिवडी आहे आणि भिवरीही आहे. इंग्रजी कागदांत ड आणि र यांची सरमिसळ नेहमीची, त्यामुळे त्या कागदांवरून मराठीत उतरवणाऱ्याने कोणते गाव लिहिले आहे ते पाहावे. मूळ मोडी कागद किंवा स्थानिक माहिती हाताशी असलेला लेखक येथे चुकत नाही. केवळ इंग्रजीवरून लिहिणारा कधी ना कधी चुकतोच, आणि त्याची चूक पुढच्या तिघांत दिसली की साखळी हाती लागते.

आणखी एक गोष्ट. अटक आणि फाशी यांच्यामध्ये पन्नास दिवस गेले. त्या काळात मॅकिंटॉशने कैदेतल्या उमाजींशी बोलून त्यांच्या आयुष्याची पुष्कळ माहिती मिळवली. चरित्रातील जिवंत भाग यातूनच आलेला असल्याने तेथे उमाजींचा आवाज ऐकू येतो असे वाटते, आणि काही अंशी तो येतोही. परंतु फाशी समोर असलेला माणूस पकडणाऱ्या अधिकाऱ्याला काय सांगेल, कोणाची नावे घेईल, कोणाला वाचवण्यासाठी कोणता गुन्हा स्वतःच्या अंगावर घेईल, याचा विचार प्रत्येक वाक्यापाशी थांबून करावा लागतो. मॅकिंटॉशने केलेल्या स्तुतीचेही तसेच आहे. आपल्याकडे "शत्रूनेसुद्धा गौरव केला" असे म्हणून ती वाक्ये उद्धृत करण्याची प्रथा आहे. बंडखोर जितका मोठा, तितकी त्याला पकडणाऱ्याची कामगिरी मोठी, हा साधा हिशेब त्यात निसटतो.

मग मॅकिंटॉश बाजूला ठेवायचा का? मुळीच नाही. त्याच्यावाचून हा विषय उभाच राहत नाही, आणि त्याने टिपलेले रामोशांच्या राखणीच्या पद्धतीचे तपशील आजही उपयोगी पडतात. फक्त एक वही घालावी: घटना कोणती, ती प्रथम कोणी सांगितली, कोणाला सांगितली, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत सांगितली. अटकेचेच उदाहरण घ्या. उमाजींना पकडून देणाऱ्यासाठी अखेरीस दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन असे इनाम लावलेले होते. म्हणजे अटकेची हकीगत सांगणाऱ्यांत इनामावर हक्क सांगणारे लोक होते, आपली कामगिरी वर कळवणारे अधिकारी होते आणि एक कैदी होता. या तिघांपैकी कोणीच अलिप्त नव्हता. वहीत हे एकदा लिहिले की कोणते वाक्य कोणाच्या तोंडचे आहे ते आपोआप दिसू लागते आणि घाबरण्याचे कारण उरत नाही.

मॅकिंटॉशच्या बाहेरचे कागद कोठे आहेत? मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय आणि महसूल खात्यांच्या जुन्या बांधीव खंडांत त्या वर्षांचा पत्रव्यवहार शोधावा. पुण्याच्या पेशवे दप्तरात डेक्कन कमिशनरच्या (पेशव्यांच्या मुलखावर नेमलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या) १८१८ ते १८२६ या काळातील फायली आहेत. उठावाच्या आधीची वतनांची आणि राखणीच्या हक्कांची तक्रार तेथे शोधायची असते. बहुतेक विद्यार्थी थेट १८३१-३२ मागवतात, कारण जाहीरनामा आणि फाशी तेथे आहे. माझे मत असे की सुरुवात उलट टोकाकडून करावी. लढाईच्या वर्षांत सरकार दरोडेखोरांविषयीच लिहिते. राखणदारांच्या हक्कांविषयी ते त्याआधी लिहून मोकळे झालेले असते. शिवाय पुरंदरच्या रामोशांचे सत्तेशी बिनसणे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच सुरू झाले होते, त्यामुळे १८१८ ही रेषा ठळक असली तरी ती पहिली रेषा नाही.

नकाशा समोर ठेवून काम करावे हेही आवर्जून सांगतो. नीरा नदीच्या उत्तरेस कंपनीचा पुणे जिल्हा, दक्षिणेस सातारकर छत्रपतींचे राज्य, आणि डोंगराच्या अंगाला पंतसचिवांचे भोर. पाठलाग सुरू झाला की नदी ओलांडली म्हणजे कलेक्टरचा हुकूम थांबे आणि पत्रव्यवहार सुरू होई. एकाच घटनेचा एक कागद पुण्याच्या कलेक्टरीत आणि दुसरा सातारा रेसिडेन्सीच्या, म्हणजे साताऱ्यातील कंपनीच्या प्रतिनिधीच्या, दप्तरात असू शकतो. उमाजी पकडले गेले ते उत्रोली गाव भोरच्या बाजूचे, ही गोष्ट चरित्रांत एका शब्दात उरकलेली असते.

मोडी शिकावीच लागेल. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांचे वर्ग चालतात आणि नियमित सराव केला तर छापील नमुन्यांवरून प्रत्यक्ष कागदावर येणे अशक्य नाही. लिप्यंतर पैसे देऊन करून घेण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. अडलेल्या कागदापुरती ती ठीक, पण संपूर्ण काम तशा मजकुरावर उभे करणाऱ्याला परीक्षकांनी एक ओळ वाचायला सांगितली की काय होते ते मी पाहिले आहे. अक्षरांपेक्षा तारखा अधिक छळतात. कागदावर शुहूर सन (मराठी दप्तरांतील जुनी कालगणना) अरबी शब्दांत असतो, महिना मुसलमानी असतो आणि चंद्रतिथीपुढे "छ" असतो. "इसन्ने सलासीन मयातैन व अलफ" म्हणजे दोन, तीस, दोनशे आणि हजार, अर्थात १२३२. मृगाला म्हणजे जूनच्या सुरुवातीला हे वर्ष बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. डिसेंबर १८३१ ची अटक आणि फेब्रुवारी १८३२ ची फाशी दोन्ही १२३२ मध्येच येतात. फेब्रुवारी १८३१ चा जाहीरनामा मात्र १२३१ चा. महसुली कामात वापरला जाणारा फसली सन त्याहून नऊने पुढे असतो. दोन्ही सन एकाच पुडक्यात असतील आणि कोणता कोणता हे लिहिले नसेल, तर घाईत नऊ वर्षांचा घोळ होतो आणि कागद भलत्याच राजवटीत जाऊन पडतो.

मार्गदर्शकांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. तुमचे प्रकरण वाचून "छान आहे, पुढे चला" असे सांगणारा मार्गदर्शक सोयीचा वाटतो आणि महाग पडतो. माझ्या अनुभवात उपयोगी पडले ते दप्तरखान्यात वर्षानुवर्षे रुमाल (कागदांची कापडात बांधलेली गाठोडी) काढून देणारे कर्मचारी आणि एक निवृत्त मोडी जाणकार, ज्यांनी माझ्या प्रत्येक विधानापुढे "कागद कुठंय?" असे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. असा माणूस शोधा. तो विद्यापीठाच्या यादीत असेलच असे नाही.

जाहीरनाम्याबाबत विशेष खबरदारी घ्या. समाजमाध्यमांवर त्याचे मजकूर फिरतात, त्यांची भाषा आजच्या भाषणासारखी असते आणि दप्तर क्रमांक कोठेही नसतो. अशा मजकुरातील एकही वाक्य अवतरणचिन्हांत घालू नका. उलट गावोगावच्या आठवणी, पोवाडे, जेजुरीच्या खंडोबाशी आणि बेलभंडाराच्या शपथांशी जोडलेल्या कथा यांना "दंतकथा" म्हणून टाकूनही देऊ नका. त्या १८३१ मध्ये काय घडले हे नेहमीच सांगत नाहीत. लोकांनी काय जपले हे सांगतात, आणि मॅकिंटॉशच्या साखळीबाहेर उरलेले साधन म्हणून त्यांची वही वेगळी ठेवावी. रामोशी समाजातील ज्येष्ठांकडे जाताना आपण आद्य क्रांतिकारकाविषयी विचारतो आहोत याचे भान ठेवावे. सरकारी कागदांतील "दरोडेखोर" हा शब्द सहज तोंडातून गेला तर पुढची बोलणी संपतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्याच वेळी लूट झालीच नाही असेही लिहू नये. खजिना लुटणे, सावकाराला लुटणे आणि गावाकडून हक्काची राखणपट्टी मागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारने त्या एका शब्दात गोळा केल्या म्हणून आपणही कराव्यात असे नाही.

पहिल्या सादरीकरणात "हा इंग्रजांविरुद्धचा पहिला सशस्त्र उठाव होता का?" हा प्रश्न हमखास येतो. खानदेशात भिल्लांचे उठाव १८१८ पासूनच सुरू झाले होते, त्यामुळे सरसकट "होय" म्हणू नका. पुणे प्रांतात, वतन गेलेल्या राखणदारांनी, जाहीरनामा काढण्यापर्यंत नेलेला उठाव अशी मर्यादा घालून उत्तर द्या. दुसरा प्रश्न १८७९ चा असतो: वासुदेव बळवंत फडक्यांना बंडात साथीदार म्हणून रामोशीच का मिळाले? त्यासाठी फडक्यांचे रामोशी साथीदार दौलतराव नाईक यांच्याविषयीचे कागद आधी वाचून ठेवा. आणि नीरेच्या दोन्ही तीरांचा नकाशा तीन रंगांत काढून सोबत न्या. निम्मे प्रश्न त्यावरच येतात आणि त्यांची उत्तरे देणे सोपे जाते.