नवी प्रजाती कशी घडते? अभ्यास करताना या चुका टाळा

उत्क्रांतीवर प्रश्न आला की आपली मुलं डार्विन, गालापागोस बेटं आणि फिंचच्या चोची लिहून मोकळी होतात. परभणी-नांदेडच्या शिवारातलं उदाहरण दिलं की मात्र अडतात, आणि बहुतेकदा एकाच ठिकाणी: नैसर्गिक निवड झाली म्हणजे नवी प्रजाती झालीच, असं ती धरून चालतात.

गुलाबी बोंडअळीच घ्या. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडकी निघाली. ‘अळीला विषाची सवय झाली’ असं गावोगाव म्हणतात. उत्तरात ते लिहू नका. एकेका अळीला सवय होत नाही. बहुतेक अळ्या मेल्या. ज्या थोड्यांच्या जनुकांत विषाला दाद न देणारा बदल आधीपासून होता त्या तगल्या, आणि पिढ्यानपिढ्या त्यांचीच संतती वाढत गेली. ही अस्सल नैसर्गिक निवड आहे. तरी अळी तीच आहे, कारण तिचा पतंग साध्या पतंगाशी जुळतो आणि त्यांची पिल्लंही पुढे अंडी घालतात. बीटीच्या कडेने साधी कपाशी लावा असं सांगायचे ते याचसाठी. तिथले पतंग येऊन मिसळले की प्रतिकार पसरायला वेळ लागतो. जनुकांची ही देवाणघेवाण थांबल्याशिवाय एकाच्या दोन प्रजाती होत नाहीत. उत्तर तपासताना आधी हेच शोधा.

दिसण्यावर जाऊ नका. लाल कंधारी आणि देवणी गायी रंगाने कितीही वेगळ्या असोत, त्यांच्या संकरातली कालवड गाभण राहते; प्रजाती एकच. पण नुसता संकर होतो एवढंही पुरत नाही. माळेगावच्या यात्रेत दिसणारं खेचर हे घोडी आणि गाढवाचं पिल्लू. घोड्याची गुणसूत्रं (पेशीतले जनुकं वाहणारे धागे) ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचराला जवळजवळ कधीच पिल्लू होत नाही; घोडा आणि गाढव या दोन प्रजातीच.

‘मध्ये नदी आली, प्रजाती वेगळी झाली’ हेही घाईचं उत्तर. गोदावरी पतंगाला अडवत नाही. अडथळा कोणासाठी आणि किती काळ, ते लिहा. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची भूपट्टी वर आली आणि समुद्री जीव दोन्हीकडे विभागले गेले. तिथल्या नांगी वाजवणाऱ्या कोळंबीचे दोन बाजूंचे नर-मादी आज एकत्र ठेवले तर बहुधा जुळण्याऐवजी भांडतात. या फरकांत निवडीबरोबर निव्वळ योगायोगाने झालेले जनुकीय बदलही असतात; ते सोडू नका.

आणि दर वेळी डोंगर-समुद्रच लागतो असंही नाही. आपल्या गावरानी कापसाची गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसाची ५२. अमेरिकन कापसाचा पूर्वज दोन वेगळ्या कापसांच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन आला. असं दुपटीकरण एक-दोन पिढ्यांतही होतं, आणि मूळ झाडाशी संकर केला तर रोप बहुधा वांझ निघतं. म्हणून ‘नव्या प्रजातीला नेहमी लाखो वर्षं लागतात’ हे वाक्य वनस्पतींबद्दल सरसकट लिहू नका.