लेगोचे सुटे ठोकळे घेताना

ठोकळा हरवला की आधी त्याचा नंबर शोधा. तसाच दुसरा ठोकळा उलटा करून आत उजेडात पाहा, बारीक अक्षरांत कोरलेला असतो. २×४ चा (वर गोल गुंड्यांच्या दोन ओळी, प्रत्येकीत चार) साधा ठोकळा ३००१, २×२ चा ३००३. हा नंबर आकाराचा. रंग वेगळा सांगावा लागतो. करड्या रंगाबाबत विशेष जपा: २००४ च्या सुमारास लेगोने तो बदलला. जुन्या सेटमध्ये नवा करडा लावला की भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसते.

दुर्मीळ ठोकळ्यासाठी ब्रिकलिंक ही जगभरातल्या विक्रेत्यांची वेबसाइट उत्तम, पण तिथे प्रत्येक विक्रेत्याचं टपाल वेगळं. समजा ५ रुपयांचे १२ ठोकळे घेतले आणि टपाल ९०० रुपये पडलं, तर एक ठोकळा ८० रुपयांना पडला! वर कस्टम ड्यूटी लागू शकते. म्हणून यादी साठवा, शक्यतो एकाच विक्रेत्याकडून मागवा.

साधेच ठोकळे भरपूर हवे असतील तर सुटे शोधूच नका. लेगोच्या ‘क्लासिक’ मालिकेतल्या १०६९६ नंबरच्या सेटच्या डब्यात ४८४ तुकडे येतात. डब्याच्या किमतीला तुकड्यांनी भागून बघा.

सांगलीत मारुती रोडला दुसऱ्या कंपनीचे ठोकळे बघायला जाताना घरचा एक ठोकळा खिशात ठेवा. जोडून उलटा धरा: गळून पडला तर सैल, नखाने सुटेना तर घट्ट, दोन्ही नकोत. पाकिटावर आयएसआय चिन्ह हवंच. किलोवर जुने घेताना प्रत्येक गुंडीवर लेगोचं नाव आहे का बघा, नकली हमखास मिसळलेले असतात.