बारावी केमिस्ट्री : बोर्डाच्या पेपरआधी या चुका टाळा

प्रिलिमचे पेपर हातात आले की बारावीच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळं येत होतं, तरी मार्क गेले." महाराष्ट्र बोर्डाचा केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा, वेळ तीन तास. उत्तरपत्रिका नीट चाळली की दिसतं, न आलेल्या प्रश्नांपेक्षा अर्धवट आलेल्या प्रश्नांवर जास्त गुण गेलेले असतात. मुलं अभ्यास करतात, पण बराचसा नुसता डोळ्यांनी. हा विषय हाताने करायचा आहे.

गणित सुटलं, पण उत्तर तपासलं नाही

केमिकल कायनेटिक्समधलं नेहमीचं गणित घ्या. फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनमध्ये ५० मिनिटांत ४० टक्के पदार्थाचं विघटन झालं, तर हाफ लाइफ, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, किती? सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण लॉगमध्ये १०० भागिले ४० टाकलं की रेट कॉन्स्टंट येतो ०.०१८३ प्रति मिनिट आणि हाफ लाइफ साधारण ३८ मिनिटं. उत्तर दिसायला चांगलं दिसतं, म्हणून मूल पुढे जातं.

इथे दहा सेकंद थांबा. हाफ लाइफ ३८ मिनिटं असेल, तर ५० मिनिटांत निम्म्याहून जास्त पदार्थ संपायला हवा. प्रश्नात तर ४० टक्केच संपलाय. म्हणजे कुठेतरी चुकलं. सूत्रात *उरलेलं* कॉन्सन्ट्रेशन लागतं, ६०. १०० भागिले ६० घेतलं की रेट कॉन्स्टंट ०.०१०२ आणि हाफ लाइफ जवळपास ६८ मिनिटं. हे पटतं. दर गणिताच्या शेवटी असा एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय आत्ताच लावा, पेपरच्या दिवशी ती नव्याने लागत नाही.

दुसरी जागा एककांची. थर्मोडायनॅमिक्समध्ये एन्थाल्पीतला बदल (डेल्टा एच) किलोज्यूलमध्ये देतात आणि एन्ट्रॉपीतला (डेल्टा एस) ज्यूलमध्ये. डेल्टा एच उणे ११० किलोज्यूल, डेल्टा एस ४० ज्यूल प्रति केल्विन, तापमान ४०० केल्विन; काढायचं डेल्टा जी, म्हणजे डेल्टा एच उणे तापमान गुणिले डेल्टा एस. न बदलता आकडे टाकले तर उत्तर उणे १६,११० येतं. ४० गुणिले ४०० म्हणजे १६,००० ज्यूल, म्हणजेच १६ किलोज्यूल, आणि खरं उत्तर उणे १२६ किलोज्यूल. सोल्युशन्सच्या धड्यातही तसंच: ऑस्मॉटिक प्रेशर अॅटमॉस्फिअरमध्ये हवं असेल तर आर (गॅस कॉन्स्टंट) ०.०८२ घ्यायचा, ८.३१४ नाही. आणि मीठ पाण्यात विरघळून त्याचे आयन सुटे होतात, तिथे व्हँट हॉफ फॅक्टर, म्हणजे कणांची संख्या किती पट झाली ते, विसरू नका.

लॉग टेबलशी ओळखच नाही

बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तरी वर्षभर गणितं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली जातात आणि लॉग टेबल फेब्रुवारीत उघडलं जातं. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ही चूक टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. पीएच ३.७ असेल तर हायड्रोजन आयनांचं कॉन्सन्ट्रेशन काढताना उणे ३.७ चा अँटिलॉग हवा. मुलं थेट .७ चा अँटिलॉग बघतात आणि ५.०१ लिहून मोकळी होतात. मँटिसा, म्हणजे लॉगचा दशांश भाग, कायम धन असतो. उणे ३.७ म्हणजे उणे ४ अधिक ०.३, अँटिलॉग ०.३ चा बघायचा, तो १.९९५, आणि उत्तर १.९९५ गुणिले दहाचा उणे चौथा घात. आजपासून कॅल्क्युलेटर कपाटात ठेवा.

ऑरगॅनिक धड्यागणिक पाठ करणं

हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज एकदा, अल्कोहोल एकदा, अल्डिहाइड एकदा असं वेगवेगळं पाठ केलं की कन्व्हर्जनच्या, म्हणजे एका संयुगापासून दुसरं बनवायच्या, प्रश्नात दोन धडे जोडता येत नाहीत. एका कागदावर एकच रिएजंट (रिअॅक्शन घडवणारा पदार्थ) घ्या. लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइड अल्डिहाइडचं प्रायमरी अल्कोहोल करतो, कीटोनचं सेकंडरी, कार्बॉक्झिलिक अॅसिडचं पुन्हा प्रायमरी अल्कोहोल, नायट्राइलचं प्रायमरी अमाइन. एका पानावर तीन धडे आले.

बाणावरच्या अटी गाळू नका. २-ब्रोमोब्युटेनला जलीय पोटॅश दिलं तर ब्युटॅन-२-ऑल, अल्कोहोलिक दिलं तर मुख्यतः ब्युट-२-ईन. अल्डॉलला अल्फा हायड्रोजन आणि सौम्य अल्कली लागते, कॅनिझारोला अल्फा हायड्रोजन नसलेलं अल्डिहाइड आणि तीव्र अल्कली. अल्फा हायड्रोजन नसलेलं बेन्झाल्डिहाइड अल्डॉलच्या उदाहरणात लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

ऑप्शनच्या भरवशावर धडे सोडणं

ऑप्शन धरून पेपर ९८ गुणांचा असतो, म्हणून चार-पाच धडे सोडले तरी चालतील असा हिशेब मुलं मांडतात. पण पहिल्या दोन प्रश्नांच्या १८ गुणांना ऑप्शन नाही, आणि ते सोळाही धड्यांतून कुठूनही येतात. ग्रीन केमिस्ट्री, पॉलिमर्स हे तर सोपे धडे, एका रविवारी होतात. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहा, आणि पहिल्यांदा लिहिलेलंच तपासलं जातं हे लक्षात ठेवा.

प्रॅक्टिकल आदल्या रात्रीवर ढकलणं

३० गुण इथे आहेत. जर्नल पूर्ण असणं पुरेसं नाही, तोंडी परीक्षेत "का" विचारतात. परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये सौम्य सल्फ्युरिक अॅसिडच का? हायड्रोक्लोरिक अॅसिडचं परमँगनेट स्वतःच ऑक्सिडेशन करतं आणि रीडिंग वाढतं. ऑक्झॅलिक अॅसिड ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम का करायचं? थंड असताना रिअॅक्शन फार मंद चालते. आणि परमँगनेटचा रंग इतका गडद असतो की खालचा मेनिस्कस (द्रवाच्या पृष्ठभागाचा वक्र भाग) दिसत नाही, म्हणून ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं, सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही.